दिवसाचा केसपेपर, रात्रीची खाज

१९७३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात एक छोटा शोधनिबंध छापून आला. एडिंबरा इथले त्वचारोगतज्ज्ञ जॉन सॅव्हिन आणि झोपेचे अभ्यासक इयन ओसवाल्ड यांनी खाजेच्या रुग्णांना प्रयोगशाळेत झोपवलं, त्यांच्या मेंदूच्या लहरी रात्रभर नोंदवल्या आणि कोणत्या वेळी कोण किती खाजवतं ते मोजलं. झोप लागली की खाजवणं थांबत असेल, असं कुणालाही वाटेल. ते थांबत नव्हतं. झोपेच्या प्रत्येक टप्प्यात माणसं खाजवत होती. झोप नुकती लागत असताना सगळ्यात जास्त, ती गाढ होत जाईल तसं कमी, अगदी गाढ झोपेत सर्वांत कमी, आणि स्वप्नांच्या टप्प्यात पुन्हा थोडं जास्त. सकाळी विचारलं तर यातलं बरंचसं त्यांना आठवतही नाही.

या निबंधाला पन्नासहून अधिक वर्षं झाली, तरी त्वचेच्या जुनाट आजारांमध्ये रात्रीची चौकशी अजून नीट होत नाही, असं माझं ठाम मत आहे. ओपीडीत माणूस सकाळी अकराला येतो. डॉक्टर चट्टे बघतात, ते किती जागेवर आहेत, किती लाल, किती जाड, त्यावर खपल्या किती, हे पाहतात. सोरायसिसची तीव्रता मोजण्यासाठी जगभर वापरला जाणारा ‘पासी’ हा निर्देशांक १९७८ सालचा. त्यात लाली आहे, जाडी आहे, खपल्या आहेत, शरीराचा किती भाग व्यापला तेही आहे. खाज नाही आणि झोपही नाही. १९९४ मध्ये कार्डिफच्या डॉक्टरांनी त्वचारोगामुळे आयुष्यावर काय परिणाम होतो हे विचारणारी दहा प्रश्नांची यादी केली. कपडे, खरेदी, खेळ, नोकरी, लैंगिक संबंध, सगळं तिच्यात विचारलेलं आहे. झोपेबद्दल वेगळा प्रश्न नाही. नवल म्हणजे याच मंडळींनी पुढच्याच वर्षी लहान मुलांसाठी जी यादी केली, तिच्यात मात्र तो आहे. मुलांची झोप मोडते हे आईबाप येऊन सांगतात. मोठी माणसं सांगत नाहीत, ‘जरा खाज येते’ म्हणतात आणि गप्प बसतात. इसबासाठी मात्र चांगली मोजमापं आहेत. १९९३ च्या ‘स्कोराड’मध्ये झोपेला शून्य ते दहा गुण आहेत आणि नॉटिंगहॅमच्या ‘पोएम’ या प्रश्नावलीत सरळ विचारलं आहे की गेल्या आठवड्यात किती रात्री इसबामुळे झोप मोडली. हा प्रश्न विचारायला पाच सेकंद लागतात आणि उपचार बदलायला तो पुरतो.

रात्रीच खाज का वाढते, याची कारणं शरीरात आहेत. झोप येण्यासाठी शरीराचं आतलं तापमान थोडं खाली यावं लागतं. ते खाली आणण्यासाठी शरीर उष्णता त्वचेवाटे, विशेषतः हातापायांवाटे, बाहेर टाकतं. त्यासाठी त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि त्वचा गरम होते. निरोगी माणसाला हे कळतही नाही. ज्याची त्वचा आधीच सुजलेली आहे त्याला ती ऊब म्हणजे खाज. म्हणजे झोपेकडे नेणारी क्रियाच त्याला झोपू देत नाही. दुसरं असं, की शरीर स्वतःचं स्टिरॉइड, म्हणजे कॉर्टिसॉल, पहाटे सर्वांत जास्त तयार करतं आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. दाह आवरणारा घरचा माणूस नेमका त्या वेळी रजेवर असतो. शिवाय संध्याकाळनंतर त्वचेतून पाण्याची वाफ जास्त उडते, त्वचा कोरडी पडते आणि कोरडी त्वचा जास्त खाजते. दिवसा काम, बोलणं, रहदारी यांत मन गुंतलेलं असतं. रात्री दिवा मालवल्यावर मेंदूकडे पोचणारी सगळ्यात मोठी बातमी खाजेचीच असते.

यातून एक चक्र सुरू होतं. खाजवल्याने त्वचेचा वरचा थर फाटतो, दाह वाढतो, खाज वाढते, झोप मोडते. झोप मोडली की त्वचा भरून यायलाही उशीर होतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी स्त्रियांना एक रात्र जागवलं आणि त्यांच्या त्वचेचं बाहेरचं आवरण चिकटपट्टीने थोडं सोलून ते पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो हे पाहिलं. जागरणानंतर ते सावकाश भरलं. आजार नसलेल्या त्वचेची ही गत, तर महिनोन्महिने अर्धवट झोपणाऱ्या इसबाच्या त्वचेचं काय होत असेल!

लहान मुलांचं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे नुकसान सगळ्यात जास्त आणि दिसतं सगळ्यात कमी. इसब असलेलं चार-पाच वर्षांचं मूल रात्री साडेनऊला झोपतं. दहाच्या सुमारास गुडघ्याच्या मागे आणि कोपराच्या खोबणीत हात जातो. डोळे मिटलेलेच असतात. आई हात बाजूला करते. दोन मिनिटांनी तो पुन्हा तिथेच. ती फुंकर घालते, थोपटते, पंखा वाढवते, क्रीम लावते. मग पाय एकमेकांवर घासायला लागतात. बारा, दोन, चार असं चालतं. सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे बारीक ठिपके, नखांत कोंडा, आणि शाळेची रिक्षा आली तरी मूल उठत नाही. घरचे म्हणतात, आठ-नऊ तास झोपलाय की. खरंच झोपलेला असतो. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल परिसरात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जन्मलेल्या सुमारे चौदा हजार मुलांचा दीर्घकाळ पाठपुरावा झाला आहे. त्यातल्या माहितीवरून २०१९ मध्ये निघालेला निष्कर्ष हाच होता: इसब असलेली आणि नसलेली मुलं झोपतात साधारण तेवढेच तास, पण इसब चालू असलेल्या मुलांची झोप दोन ते सोळा या सगळ्या वयांत जास्त तुटक आणि कमी दर्जाची असते. म्हणून तास मोजून समाधान मानू नये. असं मूल वर्गात पेंगतंच असं नाही. पुष्कळदा ते उलट चुळबुळं, चिडकं, एका जागी न बसणारं होतं. शाळेतून ‘लक्ष देत नाही’ अशी तक्रार येते, तेव्हा त्याच्या कोपरांची घडी कुणी पाहत नाही.

त्याच पाहणीतून आयांबद्दलही एक निष्कर्ष निघाला. इसब असलेल्या मुलांच्या आयांना झोप लागायला त्रास होतो, झोप पुरत नाही, दिवसा थकवा असतो. आणि मूल किती वेळा उठतं एवढ्यावरून त्याचा पूर्ण उलगडा होत नाही. मूल शांत झोपलेलं असतानाही आई कान देऊन पडलेली असते. आपल्याकडे ‘दुधाने झालं असेल’, ‘गरोदरपणी काय खाल्लंस’ या प्रश्नांचा भारही तिच्याच उशाशी असतो. डॉक्टरांनी त्या बाईला ‘तुम्ही किती झोपता?’ एवढं विचारलं तरी तिला बोलायला जागा मिळेल.

इथेच एक खबरदारी. घरातल्या दोघा-तिघांना एकाच काळात रात्री खाज सुटत असेल, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, बेंबीभोवती बारीक पुरळ असेल, तर ते इसब समजून बसू नका. ती बहुधा खरूज असते. खरजेचा किडाही रात्रीच छळतो, पण त्याचा उपचार वेगळा आहे आणि तो घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी करावा लागतो.

सोरायसिसची रात्र वेगळी असते. सोरायसिसला खाज नसते असं एके काळी पुस्तकांतून सांगितलं जाई. बहुसंख्य रुग्णांना ती असते, डोक्यात तर हमखास. पण इथे खाजेबरोबर आणखी दोन गोष्टी झोप पळवतात. एक, सांधे. काही जणांना सोरायसिसबरोबर संधिवात होतो आणि त्याचं दुखणं विश्रांतीने वाढतं. पहाटे पाठ किंवा टाच ठणकून जाग येते, उठल्यावर अर्धा तास किंवा जास्त वेळ अंग आखडलेलं असतं आणि चालू-फिरू लागल्यावर मोकळं होतं. दिवसभराच्या श्रमाने दुखणारी कंबर याच्या उलट वागते. हे लक्षण वेळेवर सांगितलं नाही तर सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात. दुसरी गोष्ट घोरण्याची. झोपेत घसा मिटून श्वास अडखळणं, म्हणजे स्लीप ॲप्निया, सोरायसिसच्या रुग्णांमध्ये इतरांपेक्षा जास्त आढळतो. वाढलेलं वजन हा दोघांमधला एक दुवा आहे, पण एकमेव नाही. अशा माणसाची खाज पूर्ण गेली तरी सकाळी डोकं जड आणि दिवसा डुलक्या सुरूच राहतात. बायको म्हणते, हे घोरता घोरता मध्येच थांबतात आणि मग दचकून श्वास घेतात. हे वाक्य त्वचेच्या डॉक्टरांसमोर सांगायचं असतं, हे कुणाच्या ध्यानातच येत नाही.

आता औषधांकडे येऊ, कारण झोप काही वेळा आजाराने जाते आणि काही वेळा उपचाराने.

सगळ्यात जास्त खपणारा उपाय म्हणजे झोप आणणारी ॲलर्जीची गोळी. एव्हिल, सीपीएम, एटारॅक्स या मेडिकलच्या काउंटरवर नावानिशी मागितल्या जातात. आपल्या मेंदूत हिस्टामिन हे जागं ठेवणारं रसायन आहे. ही जुनी औषधं मेंदूत शिरून ते दाबतात, म्हणून गुंगी येते. पण इसबाच्या खाजेत हिस्टामिनचा वाटा लहान असतो. ती खाज दुसऱ्याच रसायनांची असते. म्हणजे गोळीने खाज जवळपास तशीच राहते, माणूस तेवढा पेंगतो. शिवाय ही गुंगी म्हणजे नैसर्गिक झोप नाही. स्वप्नांचा टप्पा आखडतो आणि रोज घेत राहिलं तर गुंगी आणण्याचा गुणही काही दिवसांतच उणावतो. मागे उरतं ते सकाळचं जडपण. एटारॅक्समधल्या हायड्रॉक्सिझिनचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला प्रौढ माणसात सुमारे २० तास लागतात. रात्री दहाला घेतलेली गोळी सकाळी नऊला स्कूटर चालवतानाही अंगात असते. म्हाताऱ्या माणसांत तर लघवी अडणं, तोल जाणं, भ्रम होणं इथपर्यंत मजल जाते. अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये सांगितलं होतं, की खाजेने झोपच जात असेल तर अशी गोळी थोडे दिवस, अधूनमधून चालेल, पण त्वचेवर लावायच्या औषधांची जागा ती घेऊ शकत नाही. आपल्याकडे नेमकी तीच जागा तिला दिली जाते, आणि लहान मुलांना तर तिचं सिरप महिनोन्महिने पाजलं जातं. मला हे फार खटकतं. मुलाचा दाह तसाच, त्यावर गुंगीचं पांघरूण, आणि घरच्यांना वाटतं की उपचार चालू आहेत.

अंगावर पित्त उठतं तिथे मात्र गोष्ट वेगळी. गांधी उठतात त्या हिस्टामिनमुळेच, म्हणून तिथे हीच जातकुळी उपयोगाची. पण मेंदूत कमी शिरणारी नवी औषधं, सेट्रिझिन, फेक्सोफेनाडिन, बिलास्टिन यांसारखी. सहा आठवड्यांहून जास्त टिकणाऱ्या पित्ताला डॉक्टर या गोळ्यांचा डोस नेहमीच्या चौपटीपर्यंत नेऊ शकतात, आणि त्याने भागलं नाही तर २०१४ पासून ओमॅलिझुमॅबचं इंजेक्शन आहे. कोकणात-देशावर आमसुलाचं पाणी अंगाला चोळतात. गार पाण्याने घटकाभर बरं वाटतं हे खरं. एरवीही एकेक गांध २४ तासांच्या आत आपोआप जिरते. पण रोज रात्री दोनला उठून आमसूल भिजवावं लागत असेल तर डॉक्टरांकडे जायची वेळ झाली आहे.

स्टिरॉइडची गोळी खाज झटकन थांबवते आणि झोप तितक्याच झटकन घालवते. ती सकाळी, नाश्त्यानंतर घ्यायची असते. रात्री घेतली तर माणूस दोन वाजता टक्क जागा असतो. सोरायसिसमध्ये ती स्वतःहून घेणं आणि अचानक थांबवणं दोन्ही धोक्याचं: आजार पूभरल्या पुटकुळ्यांच्या रूपात सर्वांगावर उसळू शकतो. मलमांचंही तसंच. गजकर्णावर म्हणून मेडिकलमधून आणलेल्या मिश्र ट्यूबांमध्ये बहुतेक वेळा तीव्र स्टिरॉइड असतं. महिनोन्महिने लावून ती बंद केली की त्वचा लालभडक होते, आग होते, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. म्हणून पुन्हा तीच ट्यूब. डॉक्टरांनी ठरवून, ठरावीक दिवस लावलेलं स्टिरॉइड मलम मात्र भिण्यासारखं नाही; इसबात ते न लावण्यानेच जास्त रात्री वाया जातात.

स्टिरॉइड नसलेलं टॅक्रोलिमसचं मलम सुरुवातीच्या काही दिवसांत चुरचुरतं, उकाड्यात जास्तच. ते लावून लगेच पांघरूण घेतलं तर झोपेची वाट लागते आणि ‘मला हे सोसत नाही’ म्हणून लोक ट्यूब फेकून देतात. ते झोपण्याच्या तासभर आधी, त्वचा थंड आणि कोरडी असताना लावावं. आठवडाभरात चुरचुर बहुधा ओसरते. आणि मेथोट्रेक्सेट चालू असेल तर ती गोळी आठवड्यातून एकदाच, ठरल्या वारी. झोपेशी याचा थेट संबंध नाही, पण रोज घेतल्याने जीव गेलेले आहेत, म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही.

खाजेच्या मुळाशी जाणारी औषधं गेल्या काही वर्षांत आली. २००४ मध्ये शास्त्रज्ञांनी इंटरल्यूकिन-३१ नावाचा एक निरोप्या रेणू शोधला. उंदरांच्या शरीरात तो जास्त तयार होईल असा बदल केला, तर ते उंदीर खाजवून खाजवून केस गळेपर्यंत त्वचा ओरबाडू लागले. हा रेणू दाहाच्या पेशींकडून निघतो आणि थेट खाजेच्या मज्जातंतूंना जाऊन भिडतो. हिस्टामिन दाबणारी गोळी इसबात का चालत नाही, याचं उत्तर इथे आहे. त्याची वाट अडवणारं नेमोलिझुमॅब २०२२ मध्ये जपानमध्ये आणि २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्याआधी २०१७ मध्ये अमेरिकेत इसबासाठी डुपिलुमॅब आलं. दर दोन आठवड्यांनी घ्यायच्या या इंजेक्शनाने खाज काही आठवड्यांत उतरते आणि तिच्यामागोमाग झोप सुधारते. गुंगी अजिबात नाही. डोळे लाल होणं, चुरचुरणं हा त्याचा ठाऊक असलेला त्रास. उपाडॅसिटिनिब, ॲब्रोसिटिनिब या गोळ्या तर काही दिवसांतच खाज शमवतात, पण त्या सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी लागते, नागीण होण्याचा धोका वाढतो, आणि या जातीच्या औषधांवर हृदयविकार आणि रक्ताच्या गुठळ्यांबद्दल अमेरिकेत २०२१ मध्ये कडक इशारा दिला गेला. महागही आहेत. ज्याला परवडतं त्याची रात्र सुधारते, ही गोष्ट मनाला बोचते. सोरायसिसमध्येही टीएनएफ या दाह वाढवणाऱ्या रेणूला रोखणाऱ्या इंजेक्शनांनी त्वचा आणि सांधे आवरले की झोपेची तक्रार कमी होते.

मेलाटोनिनबद्दल लोक हल्ली विचारतात. तैवानमध्ये इसब असलेल्या ४८ मुलांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज रात्री ३ मिलिग्रॅम मेलाटोनिन चार आठवडे दिल्यावर झोप सुमारे २१ मिनिटं लवकर लागली आणि इसबाची तीव्रताही थोडी उतरली. अभ्यास लहान आहे, काळ थोडा आहे. आशा ठेवायला हरकत नाही, पण मुलाला स्वतःच्या मनाने गोळी देऊ नये.

घरी करण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते स्वस्त आहे. रात्री कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत अंघोळ आटोपायची. कढत पाण्याने खाजेला क्षणभर सुख वाटतं आणि तासाभराने ती दुप्पट होते. उटणं, घासणी, सुगंधी साबण नको. अंग टिपून घ्यायचं, चोळायचं नाही, आणि ओलसर असतानाच भरपूर मॉइश्चरायझर लावायचं. शुद्ध खोबरेल सौम्य इसबात चांगलं काम करतं. मोहरीचं तेल त्वचेच्या आवरणाला बाधतं. घोंगडी आणि लोकरीची ब्लँकेटं टोचतात, जुन्या सुती लुगड्यांची गोधडी टोचत नाही. खोली गार, पांघरूण हलकं, नखं बारीक. खाज आलीच तर खाजवण्याऐवजी त्या जागी तळहात दाबून धरायचा किंवा ओल्या गार फडक्याची घडी ठेवायची. मुलांना हे दिवसा शिकवावं लागतं, रात्री दोनला कुणी शिकत नाही.

डॉक्टरांकडे पुढच्या वेळी जाण्याआधी सात रात्रींची नोंद करा. कितीला झोपलात, किती वेळा उठलात, खाजेने की दुखण्याने, सकाळी चादरीवर रक्त होतं का, कोणती गोळी किती वाजता घेतली. मूल झोपेत खाजवत असेल तर मोबाइलवर मिनिटभराचा व्हिडिओ काढा; मंद दिव्यात काढला तरी चालतो. सोरायसिस असेल तर शेजारी झोपणाऱ्या माणसालाही बरोबर न्या. आणि कागद डॉक्टरांच्या टेबलावर ठेवताना सात रात्रींपैकी किती मोडल्या तो आकडा आधी सांगा, चट्टे मग दाखवा.